जुन्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक पलटी नांगर: तेल जातं कुठून, येतं कुठून

पार्श्वभूमी

दौंड तालुक्यात भीमेकाठी एका कुटुंबाची नऊ एकर काळी जमीन आहे. सहा एकर ऊस, उरलेल्यात कांदा आणि गहू. गावाचं आणि माणसांचं नाव, ट्रॅक्टरची कंपनी मुद्दाम लिहीत नाही. घरातल्या कर्त्याला अण्णा म्हणू, मुलाला धाकटा. मी सोलापूर रस्त्यालगत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे, पाइप आणि पंप दुरुस्तीचं शेड चालवतो. त्याआधी बारा वर्षं भोसरीत प्रेसच्या पॉवरपॅकवर, म्हणजे तिला दाबाचं तेल देणाऱ्या पंप-टाकीवर, हात काळे केले. या प्रकरणात काही गोष्टी मी बरोबर केल्या आणि एक चांगलीच चुकलो, म्हणून लिहायला घेतलं.

ट्रॅक्टर १९९४ सालचा, ३९ एचपी. इंजिन अजून ठणठणीत, धूर नाही. पण हायड्रॉलिकच्या नावाने मागची अवजार उचलणारी लिफ्ट, एवढंच. बाहेर पाइप जोडायला तोंड नाही, वॉल्व्ह नाही. पंप गिअरचा आणि इंजिनावर चालणारा, त्यामुळे क्लच दाबला तरी तो फिरत राहतो. तेल वेगळं नाही. गिअरबॉक्स, मागचा धुरा आणि लिफ्ट या तिघांचं मिळून २८ लिटर. हे २८ लिटर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

अण्णांच्या मेव्हण्याने मोठा ट्रॅक्टर घेतला, त्याला मोठा नांगर घेतला आणि जुना दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर अण्णांच्या गळ्यात मारला. किंमत पाव्हण्यातली, म्हणजे नाही म्हणता येणार नाही अशी. नांगर मात्र कामाचा. साध्या नांगराने रान नांगरलं की मधे कुठेतरी घळ पडते किंवा वरंबा चढतो, आणि उसाला पाटपाणी द्यायचं तर तो सगळा उतार पुन्हा सारखा करत बसावं लागतं. पलटी नांगराने दर फेरीला फाळ पलटवत, एका बांधापासून सुरुवात करून दुसऱ्या बांधापर्यंत माती एकाच बाजूला टाकत जाता येते. हवं होतं ते एवढंच.

अडचण कशी सुरू झाली

पलटीचा जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने दांडा आत-बाहेर करणारं नळकांडं, दोन्ही बाजूंनी तेल घेणारा. नांगर आधी ओढून उभा करायचा, मग ढकलून पलीकडे टाकायचा. गावातल्या मिस्त्रीने पंपापासून लिफ्टकडे जाणारा बाहेरचा लोखंडी पाइप कापला, मधे टी बसवली, टीच्या तिसऱ्या तोंडाला बाजारातून आणलेला एक लिव्हरचा वॉल्व्ह जोडला आणि वॉल्व्हची परतीची नळी तेल भरायच्या झाकणातून आत सोडली. ट्रॅक्टर चालू केला, लिव्हर ओढला. नांगर जागचा हलला नाही.

कुणीतरी शोध लावला की लिफ्टचा लिव्हर पूर्ण वर टेकवून धरला तर नांगर पलटतो. खरंच पलटायचा. पण लिफ्ट वर टेकली की रिलीफ वॉल्व्ह, म्हणजे दाब जास्त झाला की तेल सोडून देणारा वॉल्व्ह, किंचाळायचा, आणि चार-सहा फेऱ्यांत लिफ्टच्या झाकणाला हात लावता येईना. तरी पलटी अर्ध्यात अडकायचीच. मग मिस्त्रीने रिलीफच्या स्प्रिंगखाली दोन वायसर टाकले. आवाज थांबला, नांगर झटक्यात पलटू लागला, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी लोखंडी पाइपच्या झाळलेल्या जोडावर बारीक चीर गेली.

धाकट्याने मला ते नंतर करून दाखवलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सकाळच्या तिरप्या उन्हात पाइपाजवळ तेलाचं धुकं दिसत होतं, पण येतंय कुठून ते कळेना. म्हणून हा पठ्ठ्या हातात फडकं घेऊन, इंजिन चालू ठेवून, पाइपावरून बोटं फिरवत होता. केसाएवढ्या चिरेतून दीड-दोनशे बार दाबाने येणारं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. वरून ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत तेल पसरत जातं. असं झालं तर मलमपट्टी करून घरी थांबायचं नसतं, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं असतं. गळती शोधायची तर इंजिन बंद करून, दाब उतरवून. चालूच ठेवावं लागलं तर लांब काठीला पुठ्ठा बांधून.

आधी मोजलं

ट्रॅक्टर माझ्याकडे आला तो फेब्रुवारीत, खोडवा तुटून गेल्यावर. अण्णा घाईत होते. "दादा, पाइप तेवढा बदलून द्या, वाफसा जाईल." इथे पहिला निर्णय. पाइप बदलणं तासाभराचं काम होतं, पैसेही रोख मिळाले असते. मी दोन दिवस मागून घेतले.

आधी दाबाचा मीटर लावला. लिफ्ट वर टेकवल्यावर काटा १९५ बारवर. या ट्रॅक्टरच्या पुस्तकात १५० दिलेत. वायसर काढले, काटा १४८ वर आला. म्हणजे स्प्रिंग बिचारी ठीक होती.

मग पंप. नुसता दाब बघून पंपाची तब्येत कळत नाही. झिजलेला पंपही बंद तोंडावर दाब दाखवतो. १८०० आरपीएम धरून पंपाचं तेल मोकळं डब्यात सोडलं, १० लिटरला ३६ सेकंद. नंतर मधे सुईचा वॉल्व्ह घालून १०० बारचा दाब धरला, १० लिटरला ४४ सेकंद. मोकळं असताना मिनिटाला साधारण १६.७ लिटर, दाबाखाली १३.६. अठरा-एकोणीस टक्के तेल पंपाच्या आतल्या आत मागे सरकतंय. तीस वर्षांच्या पंपाला हे चालण्यासारखं.

हिशोब असा. नांगराच्या जॅकचा बोअर (आतला व्यास) ६३ मिलिमीटर, स्ट्रोक (दांड्याची धाव) २०० मिलिमीटर. एकदा आत, एकदा बाहेर मिळून जेमतेम एक लिटर तेल, म्हणजे पाचेक सेकंदांत पलटी. ताकदही पुरेशी, तेलही पुरेसं. मग नांगर पलटत का नव्हता?

अण्णांना मी हे पाटाच्या भाषेत सांगितलं. असल्या जुन्या ट्रॅक्टरात लिफ्टला काम नसताना पंपाचं तेल थांबत नाही. लिफ्टच्या वॉल्व्हमधून मोकळं वाहत परत टाकीत जातं. मिस्त्रीने टी लावली म्हणजे एका पाटाला दोन दारं केली. एक दारं सताड उघडं, खाली उतारावर. दुसऱ्या दाऱ्यापुढे चढ. पाणी चढाला कशाला जाईल? अण्णा लगेच म्हणाले, "म्हणून लिफ्ट वर टेकवली की ते दारं बंद व्हायचं!" बरोबर. पण दारं बंद झाल्यावर उरलेलं सगळं तेल रिलीफमधून जोर लावून निघायचं. १९५ बारला मिनिटाला तेरा लिटर, म्हणजे चार किलोवॉटच्या वर उष्णता. दोन हजार वॉटचे दोन गीझर तेलात बुडवून चालू ठेवल्यासारखं. झाकण तापणार नाही तर काय.

पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे हायड्रॉलिक काढून टाकायचं आणि हाताच्या लिव्हरने पलटणारा नांगर घ्यायचा. मी तो बोललो, पण जोर लावून नाही. पाव्हण्याचा नांगर दारात उभा असताना दुसरा नांगर विकत घ्या म्हणणं मला जमलं नाही.

दुसरा, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजारासाठी फिरणाऱ्या दांड्यावर, वेगळा पंप आणि वेगळी टाकी. ट्रॅक्टरचं तेल ट्रॅक्टरात, नांगराचं नांगरात. तत्त्वाने हा सगळ्यात स्वच्छ. पण पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरतो. तिथे मिनिटाला २५ लिटर हवे तर एका फेरीत ४६ सीसी देणारा पंप लागतो, किंवा मधे वेग वाढवणारा गिअर. दोन्ही महाग. शिवाय हा नांगर ट्रॅक्टरला इतका चिकटून बसतो की पीटीओच्या मागे पंपाला जागाच नव्हती.

तिसरा, ट्रॅक्टरचाच पंप वापरायचा, पण टी काढून वॉल्व्ह रांगेत घालायचा. पंपाचं तेल आधी नव्या वॉल्व्हमधून, तिथे काम नसेल तर तसंच पुढे लिफ्टकडे. पाट एकच, दारं एकामागे एक. आम्ही हाच घेतला. यात दोन खाचखळगे आहेत आणि इथेच बहुतेक कामं बिघडतात.

पहिला: साध्या वॉल्व्हला आत यायचं तोंड आणि परतीचं तोंड, एवढंच असतं. बरेच जण ते परतीचं तोंडच लिफ्टला जोडून मोकळे होतात. चालतं, काही दिवस. पण लिफ्टने वजन उचललं की तोच दीडशे बारचा दाब त्या परतीच्या कप्प्यात येतो, आणि तो कप्पा एवढ्या दाबासाठी केलेला नसतो. सील बाहेर येतात, कधी बिडाची बॉडी तडकते. त्यासाठी वॉल्व्हला तिसरं तोंड लागतं. दुकानदार त्याला पॉवर बियाँड म्हणतात. आत एक स्लीव्ह बसवून पुढे जाणारं तेल आणि परतीचं तेल वेगळं करतात. मागताना नुसता "एक लिव्हरचा डबल अ‍ॅक्टिंग वॉल्व्ह द्या" म्हटलं तर हे मिळत नाही.

दुसरा: या ट्रॅक्टरचा मूळ रिलीफ लिफ्टच्या ब्लॉकमध्ये आहे, म्हणजे आता नव्या वॉल्व्हच्या पुढे. लिव्हर ओढला की तेलाची लिफ्टकडची वाट बंद. जॅक टोकाला टेकला आणि नव्या वॉल्व्हला स्वतःचा रिलीफ नसेल तर पंपाला सुटायला जागाच नाही. मग सगळ्यात कच्चं जे असेल ते फुटतं.

काय केलं

पॉवर बियाँड आणि स्वतःचा रिलीफ असलेला एक लिव्हरचा वॉल्व्ह उजव्या मडगार्डवर पट्टी मारून बसवला, लिव्हर मागे वळून पाहताना हाताशी येईल असा. रिलीफ मीटर लावून १४५ वर बांधला. झाळलेला लोखंडी पाइप फेकला, तिथे तारेच्या दोन जाळ्यांचे, अर्ध्या इंचाचे रबरी होज. परतीला पाऊण इंची होज, आणि तो झाकणातून वरून न सोडता लेव्हलच्या बोल्टच्या जागेतून तेलाच्या पातळीखाली नेला. वरून धार पडली की फेस होतो, फेस पंपात गेला की पंप रडतो.

फिटिंगची गोष्ट सांगितली पाहिजे. धाकटा पुण्यात नाना पेठेत गेला होता, तिथून त्याने अर्ध्या इंचाचे निपल आणले. दोन आटे सरळ गेले, मग घट्ट. त्याने वरून पांढऱ्या टेपचे आठ वेढे मारले. निपल एनपीटी म्हणजे अमेरिकन मापाच्या आट्याचे होते, वॉल्व्ह बीएसपी म्हणजे ब्रिटिश मापाचा. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४च आटे, म्हणून सुरुवातीला लागतात. पण एकाचा आट्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५, आणि एनपीटी वर जाडावत जातं. जितकं आवळाल तितकं बॉडीला फाकवतं. सगळे बदलले, बीएसपी निपल आणि रबर लावलेले डाउटी वॉशर घातले, टेप अजिबात नाही. जुना वॉल्व्ह उघडला तर स्पूलच्या, म्हणजे आत सरकणाऱ्या दांड्याच्या, खाचेत टेपचा सुतासारखा धागा अडकलेला होता.

तेलही सगळं काढलं. मिस्त्रीने गळती भरून काढायला "हायड्रॉलिक" लिहिलेलं ६८ नंबरचं तेल ओतलं होतं. ते पंपाला चालेल, पण त्याच तेलात मागचे गिअरही फिरतात. पुस्तकात सांगितलेलं, गिअर आणि हायड्रॉलिक दोन्हीला चालणारं तेल भरलं.

नांगर टांगल्यावर पुढची चाकं बांध ओलांडताना उचलायला लागली. हा नांगर मुळात ४५ एचपीच्या पुढच्या ट्रॅक्टरचा. पुढे ८० किलो वजन लावलं आणि अण्णांना सांगितलं की खोली कमी ठेवा, घाई करू नका.

दोन गोष्टी मात्र मी केल्या नाहीत. परतीच्या पाइपावर फिल्टर बसवायचा होता. खर्च वाढतोय म्हणून अण्णा कुरकुरले आणि मी तो यादीतून काढला. आणि पाइप खटकन जोडायचे-काढायचे कपलर लावले बाजारात सगळीकडे मिळतात तेच, अर्ध्या इंचाचे. ट्रॅक्टरवर मादी, नांगराच्या पाइपावर नर. सगळे तसंच लावतात.

निकाल

नांगर पाच सेकंदांत पलटू लागला. लिफ्टचं झाकण कोमट, तेवढंच. अडीच तासांत एकर, त्याहून जास्त या ट्रॅक्टरकडून मागू नये. मार्च संपेपर्यंत त्यांचं स्वतःचं रान आणि भावकीतलं पाच एकर उरकलं. अण्णांनी शेडवर गुळाची ढेप आणून दिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन आला: लिफ्ट हिसके देतेय, मागून शिट्टीसारखा आवाज येतोय. डिपस्टिक ओढली तर तेल चहासारखं. दुधाचा चहा.

झालं होतं असं. सुरुवातीलाच अण्णांनी विचारलं होतं, "यावर डम्पिंग ट्रॉली चालंल का?" मी हिशोब करून नाही म्हटलं होतं. तीन टप्प्यांचा ट्रॉलीचा जॅक ११ लिटर तेल पितो. २८ मधून ११ गेले तर उरतात १७. ट्रॅक्टर जरा उतारावर असला की पंपाची जाळी उघडी पडते आणि हवा ओढते. अण्णांना पटलं, विषय संपला. माझ्यासाठी संपला. धाकटा त्या वेळी नाना पेठेत होता.

मे महिन्यात शेणखत टाकायला शेजाऱ्याची डम्पिंग ट्रॉली आली. तिच्या पाइपाचं टोक नर कपलर, ट्रॅक्टरवर मादी. लागलं. लिव्हर ओढला, ट्रॉली उचलली. धाकट्याचं चुकलं म्हणायला माझी जीभ वळत नाही. खटकन बसणारी वस्तू बसवू नये हे त्याला कुणी सांगितलं होतं? खाली घेताना मात्र वॉल्व्ह ओरडायचा. ट्रॉलीला एकच पाइप, त्यामुळे लिव्हर उलटा केला की पंपाचं तेल रिकाम्या दुसऱ्या तोंडावर जाऊन रिलीफला धडकायचं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

खरं नुकसान ट्रॉलीच्या पोटातल्या तेलाने केलं. ती मागचा सगळा पावसाळा उघड्यावर होती, पाइपाचं तोंड टोपीविना चिखलात. प्रत्येक वेळी ट्रॉली खाली आली की तिच्यातलं पाणी-माती मिसळलेलं तेल अण्णांच्या गिअरबॉक्सात. खताच्या पंचवीसेक खेपा झाल्या होत्या.

तेल काढलं, स्वस्त तेल घालून फिरवून धुतलं, पुन्हा काढलं, जाळी साफ केली, नवं भरलं. मग पंप पुन्हा मोजला, १०० बारला. १० लिटरला ५२ सेकंद. फेब्रुवारीत ४४ होते. चार महिन्यांत जेवढा झिजला तेवढा त्याआधीच्या कित्येक वर्षांत झिजला नसेल. नांगर अजून पलटतो, सहा सेकंद घेतो. लिफ्ट इंजिन मंद असताना रेंगाळते. पंप बदलावा लागणार, या वर्षी की पुढच्या, एवढंच ठरायचंय.

पुन्हा केलं तर

कपलर उलटे लावले असते. जूनमध्ये तेच केलं: ट्रॅक्टरवर दोन्ही नर, नांगराच्या पाइपांवर माद्या. आता गावातली कुठलीही ट्रॉली याला लागत नाही. दहा मिनिटांचं काम. फेब्रुवारीत मी तेल नव्या वॉल्व्हमधून लिफ्टकडे आणि टाकीत कसं जाईल याचा सगळा विचार केला. बाहेर गेलेलं तेल परत येताना काय घेऊन येईल, याचा केला नाही. भोसरीत मशीन एका जागी उभी असते, तिला दुसऱ्याचा जॅक कुणी जोडत नाही. ती सवय अंगात होती.

फिल्टर काढायला मी हो म्हणायला नको होतं. त्याने पाणी अडलं नसतं, माती अडली असती, आणि पंप मातीने खाल्लाय. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट दोनदा तेल भरण्यात गेले.

"नाही" हे तोंडी सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, निदान ज्या घरात ट्रॅक्टर दोघं चालवतात तिथे तरी. आता मी वॉल्व्हच्या पट्टीवर ऑइलपेंटने लिहून देतो: फक्त नांगर.

हाताच्या पलटीच्या नांगराचं मात्र मला अजून नक्की ठरवता येत नाही. नऊ एकरांसाठी, जुन्या पंपासाठी, तो पुरला असता असं कधी वाटतं. अण्णांना विचारलं तर ते म्हणतात, "तुम्ही खांदा दुखवून घ्यायला या, मग बोलू."

ट्रॉलीचा प्रश्न उभाच आहे. पीटीओवरचा वेगळा पंप आणि टाकी, ट्रॉलीच्या पुढच्या दांडीवर बसेल असं, मी त्यांना कागदावर काढून दिलंय. उसाचं बिल आलं की बघू म्हणालेत. तोवर खत फावड्याने.

तेलात पाणी आहे का ते बघायची युक्ती मी त्यांना शिकवली: तापलेल्या लोखंडावर एक थेंब टाकायचा, तडतडला तर पाणी. अण्णा ती दर शनिवारी न चुकता करतात. पहिल्या वेळी त्यांनी चुलीवरचा भाकरीचा तवा घेतला होता. त्यावरून घरात जे झालं ते झालं. आता त्या कामाचा जुना तवा गोठ्यात खुंटीला टांगलेला असतो.